गेटवरची ड्युटी

रामप्रसादला गेटवर बसून सव्वा महिना झाला होता, आणि सव्वा महिन्यात त्याच्याशी धड कुणी बोललं नव्हतं. जालना एमआयडीसीतल्या त्या रोलिंग मिलमध्ये गेटवाल्याचं काम सुटीच्या वेळी कामगारांच्या पिशव्या तपासायचं. लोखंडाचा तुकडा बाहेर जात नाही ना, ते बघायचं. असं काम करणाऱ्याला मित्र नसतात. पण रामप्रसाद काही मूळचा गेटवाला नव्हता. अकरा वर्षं त्यानं रोलरपाशी चिमटा धरला होता, आणि रोलरच्या पलीकडं अकराही वर्षं लतीफ होता.

ते काम दोघांचं. भट्टीतून निघालेली लालभडक सळई एकानं रोलरमध्ये घालायची, पलीकडच्यानं चिमट्यात पकडून परत वळवायची. त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, एकमेकांच्या खांद्याकडं बघून हात चालतात. बायकोच्या मनातलं रामप्रसादला कधी कळलं नाही, पण लतीफला तहान लागली की त्याला बरोबर कळायचं. दुपारी एकाच सावलीत दोन डबे उघडायचे. लतीफची बायको अकबरबी खट्टी दाल जास्तीचीच द्यायची, कारण रामप्रसाद मिलजवळ खोली घेऊन एकटा राहायचा आणि स्वतःच्या हातचं कसंबसं गिळायचा.

दिवाळीत तो धावड्याला घरी गेला, तिथं त्याला पहिली फिट आली. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि आगीजवळ, मशीनजवळ उभं राहायचं नाही म्हणून बजावलं. रामप्रसादनं गोळ्या घेतल्या, बजावणं तिथंच ठेवलं. थोरल्या लेकीचं, मोनिकाचं लग्न राजूरला जमत आलं होतं. पोरीच्या बापाला मिरगी आहे एवढं तिकडं कळलं असतं तर सोयरीक मोडायला चहा प्यायचाही वेळ लागला नसता, आणि मिलमधली निम्मी पोरं त्याच भागातली. तो सहा महिने गप्प राहिला.

मग उन्हाळ्यात एका दुपारी उभ्या उभ्या त्याला काही दिसेनासं झालं. दोन श्वास, फार तर तीन. चिमटा ढिला पडला आणि सळई लतीफच्या पायाजवळून सणकन गेली. लतीफनं उडी मारली, वर बघितलं आणि हसला. डबा खाताना म्हणाला, "नींद लागली का भाऊ?" रामप्रसादनं डबा तसाच झाकला.

दुसऱ्या दिवशी तो कामगारांच्या फायली बघणाऱ्या वर्षाराणी मॅडमसमोर जाऊन उभा राहिला. घरचा रस्ता दाखवतील असंच तो धरून चालला होता. पण बाई कायद्याला पक्की आणि मनानं चांगली निघाली. तिनं डॉक्टरचे कागद पाकिटात घातले, पाकीट कपाटात ठेवून कुलूप लावलं. "गेटवर बसा. पगार तेवढाच राहील. गेटवर का बसवलं ते मी कुणाला सांगणार नाही, सुपरवायझरलासुद्धा नाही." रामप्रसादनं हात जोडले.

मॅडमनं शब्द पाळला आणि गोची तिथंच झाली. धडधाकट माणसाला एकाएकी सावलीतली खुर्ची मिळते, पगार कमी होत नाही, आणि विचारलं तर म्हणतो ड्युटी बदलली. लोकांना कारण लागतं, कुणी दिलं नाही तर ते घरचं तयार करतात. मिलनं तयार केलं की रामप्रसाद मालकाचा माणूस झाला, आतल्या खबरा पोचवतो. त्याच आठवड्यात चहाची सुटी दहा मिनिटांनी कापली गेली, तीही याच्याच नावावर खपली. तो टपरीवर गेला की बोलणं थांबायचं. दुपारी तो खुर्चीवर बसून एकटा जेवायचा आणि निम्मा डबा कुत्र्याला घालायचा.

लतीफ टोमणे मारत नव्हता. तो रोज संध्याकाळी गेटवर येऊन डबा उघडायचा आणि रामप्रसादसमोर पालथा करून दाखवायचा. तसं दुसरं कुणी करत नव्हतं. "राहू दे रे," रामप्रसाद रोज म्हणायचा. लतीफ झाकण लावायचा आणि निघून जायचा.

एका संध्याकाळी रामप्रसादला ते सोसवेना. तो खुर्ची सोडून लतीफच्या मागं गाड्यांच्या शेडपर्यंत गेला. आसपास कुणी नव्हतं.

"लतीफ, मला फिट येती. म्हणून गेटवर आलो. मॅडमबिगर कुणालाच म्हाईत न्हाई. मोनिकाचं जमून राह्यलं, म्हणून बोललो न्हाई."

लतीफनं गाडी परत स्टँडला लावली. त्याच्या तोंडावरचा राग उतरला, आणि आपण सुटलो असं रामप्रसादला वाटलं.

"कवापासून?" लतीफनं विचारलं.

"दिवाळीपासून."

लतीफ सावकाश म्हणाला, "सहा महिने मी तुझ्या समोर उभा व्हतो. सळई गेली तवा मी हसलो. घरी जाऊन अकबरबीला म्हनलं, रामप्रसाद थकून राह्यला, मलाच त्याला सांभाळून घ्यावं लागंल."

रामप्रसादची नजर लतीफच्या पायांवर गेली.

"मॅडमला सांगितलं ते बराबर केलं. पण सळई मॅडमच्या पायाजवळून गेल्ती का? आधी मला सांगायचं व्हतं. मी काय राजूरला दवंडी देणार व्हतो?"

"चुकलो रे."

"मोनिका मला माझ्या पोरीवानी, साजियावानी. ही बात माझ्या तोंडून निघणार न्हाई. बिलकुल न्हाई." एवढं बोलून त्यानं गाडी चालू केली.

रामप्रसादला कितीतरी दिवसांनी झोप लागली. आता निदान एका माणसाला खरं ठाऊक होतं.

सकाळी गेटवर अंगठा लावायला रांग लागली. लतीफचा नवा जोडीदार बबलू रामप्रसादपाशी आला आणि कमरेत वाकला. "मालकाच्या माणसाला सलाम करा रे." रांग हसली. बबलूच्या मागंच लतीफ उभा होता. रामप्रसादनं त्याच्याकडं पाहिलं, लतीफनंही पाहिलं. मग त्यानं अंगठा लावला आणि रोलरकडं निघून गेला. 'गप रे बबलू' एवढं म्हटल्यानं काही गुपित फुटत नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.