पहिला घास

पंचांची अक्कल गुडघ्यात असते असं म्हणणारा उगाच गुडघ्याची बदनामी करतो. शहाद्याकडच्या त्या गावात भाऊबंदांचे पंच मारुतीच्या पारावर बसले, मिशांना पीळ दिला आणि त्यांनी ठरवलं की कमलबाईच्या भाचीचं ऐकून घ्यायची गरजच नाही.

भाची धुडी अंगाने बारा वर्षांची, समजुतीने पाचाची. आईबाप तापाच्या मोठ्या साथीत गेले, तेव्हापासून मावशीनेच वाढवलेली. शेजारच्या मळेवाल्या लोटनने पेरू देतो म्हणून तिला मळ्यात नेलं आणि तिच्या अंगावर हात टाकला. पोरीने अडखळत, खुणा करत जमेल तेवढं मावशीला सांगितलं. कमलबाईचं मागणं एकच होतं, त्या मेल्याने या गावात राहायचं नाही.

"येडी पोरनी साक्ष कोन मानी?" थोरले पंच हिंमतराव म्हणाले. लोटन त्यांचा साडू, हा भाग वेगळा. "अन् फौजदारकडे गयात तं गावनी अब्रू जाई."

गावाची अब्रू! पोरीला ती असते, हे पंचांच्या कानावर आलं नसावं.

पण पंच दयाळू. गुन्हा घडला नाही म्हणाले आणि दंड मात्र तुपातला ठोठावला: लोटनने सगळ्या भाऊबंदांना वरण-बट्टीचं जेवण घालायचं. रीत अशी की, जिची तक्रार तिने दंड भरणाऱ्याच्या हातून पहिला घास घ्यायचा. घास गिळला की तक्रारही गिळली. तोवर पंगतीत कोणी पानाला हात लावायचा नाही.

पंगत बसली. बट्ट्यांवर तूप, घोटलेल्या वांग्यांचा घमघमाट. लोटन घास घेऊन हसत हसत पुढे आला. धुडी मावशीच्या पाठीमागे सरकली. सगळं गाव कमलबाईकडे बघत होतं, आणि उद्या विहिरीवर याच गावात पाणी भरायचं होतं.

ती पोरीच्या कानाशी वाकली. "तुले नको व्हई तं नको म्हन. मी शे ना."

"नको," धुडी म्हणाली.

झालं! लोटनने पुन्हा हात पुढे केला, पुन्हा नको. हिंमतरावांनी गूळ दाखवला, नको. ज्या पोरीचा शब्द पारावर कवडीमोल होता, त्याच शब्दापाशी सगळी भाऊबंदकी जिभल्या चाटत अडून बसली. तूप थिजायला लागलं.

"कमल, समजाड तिले," एक पंच कळवळला. "पोटमां कावळा वरडी ऱ्हायनात."

"येडी शे ना ती," कमलबाई म्हणाली. "तिले काय समजाडू?"

शेवटी हिंमतराव स्वतः पोरीसमोर उकिडवे बसले. "बोल माय, काय जोयजे तुले?"

धुडीने लोटनकडे बोट केलं. "हाऊ नको. आमना गावमां नको."

हिंमतरावांनी एकदा साडूकडे बघितलं, एकदा बट्टीकडे. बट्टी जिंकली. "लोटन, गाव सोड. आजच."

"अन् हाऊ जठे जाई तठे सांगा, याले का हाकली दिना ते," कमलबाई म्हणाली. पंचांनी घाईघाईने माना डोलावल्या. न्यायाला भूक लागली की तो किती चटकन होतो! तक्रार मिटली म्हणून घासही माफ झाला, आणि पंगत पानांवर तुटून पडली.

कमलबाईला हसू येत होतं. आपण जिंकलो असं तिला वाटत होतं. पोरीचा हात धरून ती घराकडे निघाली.

"मावशी, नको म्हनं तं चालस?" धुडीने विचारलं.

"चालस ना माय. कोनले बी म्हन."

धुडीने मावशीचा हात ओढून तिला थांबवलं. "त्या दिन बी मी नको म्हनेल व्हतं," ती म्हणाली. "मळामां."

कमलबाईचं हसू गेलं. ती रस्त्यातच खाली बसली आणि तिने पोरीला जवळ घेतलं.

"सांग माय," ती म्हणाली. "मी आइकस."