पिवळ्या रंगाखालची चीर

मी एक जुना लाकडी स्लीपर आहे. खरे सांगायचे तर आता अर्धाच उरलो आहे. अर्धा का, ते सांगेनच. पण मित्रांनो, मी अख्खा होतो तेव्हाच्या गोष्टी आधी ऐका, कारण माझे चांगले दिवस सगळे त्यातच आहेत.

आगगाडीच्या रुळांखाली जे आडवे ठोकळे असतात, त्यांना स्लीपर म्हणतात. हल्ली ते सिमेंटचे असतात. आमच्या काळी लाकडाचे असत. साल वृक्षांच्या एका जंगलात माझा जन्म झाला म्हणे, पण तुम्हाला पाळण्यातले दिवस आठवत नाहीत, तसे मला ते जंगल आठवत नाही. आठवतो तो जेऊरच्या पुढचा एक ओढा आणि त्यावरचा लोखंडी पूल. पुलावरचे स्लीपर इतरांपेक्षा जाड आणि दणकट लागतात, म्हणून मला तिथे बसवले होते. किती गाड्या माझ्या पाठीवरून गेल्या, याची गणती नाही. खिडकीतल्या माणसांनी खाली वाकून पाहिले ते ओढ्याचे पाणी, मला कोणी पाहिले नाही. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. भार वाहणाऱ्याकडे कोणी पाहत नसेल, तर समजावे की काम नीट चालले आहे.

मग पुलावर लोखंडी स्लीपर आले आणि आम्ही निघालो. लिलाव झाला. सोलापुरातल्या एका वखारीत आम्ही दोन उन्हाळे पडून होतो. माझ्या सोबत्यांपैकी कोणाचे दरवाजे झाले, कोणी ढाब्यावरचे बाक झाले. मला वाटले, माझेही तेच होणार. अशात एके दिवशी तीन माणसे आली.

पुढे होता अजिनाथ, सांगोला तालुक्यातला खोदाईचा ठेकेदार. ठेकेदार म्हणजे काय, एक जुना ट्रक, एक जुने लहान पोकलेन आणि घरचीच माणसे. त्याची बायको रुपाली बरोबर होती आणि वडील बिरप्पा. बिरप्पाने सारा जन्म मेंढरांमागे काढलेला. बाजारात मेंढी घेताना पाठीवरून हात फिरवतात, तसा त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "ह्यो घ्या. पाठ सरळ हाय ह्याची." माझ्याबरोबर माझा एक जोडीदारही निवडला गेला. शेतकऱ्याच्या दारी बैलजोडी यावी तशी आमची जोडी त्यांच्या घरी आली.

आता आमचे काम सांगतो. पोकलेन म्हणजे लोखंडी चेनवर चालणारे खोदाईचे यंत्र. ते रस्त्याने पळवता येत नाही. डांबर फाटते आणि चेनही झिजते. म्हणून एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना त्याला ट्रकवर चढवावे लागते. आम्ही येण्याआधी अजिनाथ दर वेळी मातीचा ढीग करून त्यावरून यंत्र चढवायचा. त्यात तास-दीड तास जायचा आणि डिझेल जळायचे ते वेगळे. आम्ही आलो आणि ते काम दहा मिनिटांवर आले. ट्रकच्या मागच्या कडेला आमची डोकी टेकायची, पाय जमिनीवर रोवायचे, आणि आमच्या पाठीवरून ते धूड हळूहळू वर जायचे.

यात तिघांची तीन कामे ठरलेली होती. ट्रक कुठे लावायचा, ते बिरप्पा सांगायचा. मागची चाके थोड्या खोलगट जागी असली की चढ कमी होतो, आणि जमिनीचा उतार मेंढपाळाइतका कोणाला कळतो? डोळे बारीक करून तो "हितं लावा" म्हणाला, की ट्रक तिथेच लागायचा. यंत्र अजिनाथ चालवायचा. आणि रुपाली ट्रकच्या बाजूला, त्याला दिसेल अशी उभी राहून हाताने खुणा करायची. तळहात हलला की ये. बोट डावीकडे गेले की डावी चेन. मूठ वळली की थांब. वर बसलेल्या माणसाला आपली चेन कुठे आहे, हे दिसतच नाही. म्हणून अजिनाथ चेनकडे बघायचा नाही, आमच्याकडे बघायचा नाही, फक्त तिच्या हाताकडे बघायचा. मी कितीतरी वर्षे खालून ते पाहिले आहे. घरात एकमेकांचे एक ऐकत नसत ती दोघे, पण त्या दहा मिनिटांत तिचा हात आणि त्याचा हात एकाच माणसाचे असावेत, असे वाटायचे.

काय दिवस होते ते! सांगोल्याकडे डाळिंबाचे खड्डे, नातेपुत्याला पाइपलाइनची चारी, कुठे शेततळे, कुठे बुजलेला ओढा मोकळा करायचा. डांबरी रस्ता ओलांडायचा असला की आम्हाला रस्त्यावर आडवे अंथरायचे, म्हणजे रस्ता फुटत नसे. दुपारी आमच्यावरच बसून भाकरी आणि शेंगाची चटणी खायची. ज्या वर्षी गावोगाव टँकर फिरत होते, त्या वर्षी आम्हाला आठवडाभरही एका जागी विसावा नव्हता. शेततळे खोदून झाले की घरची म्हातारी माणसे यंत्राला कुंकू लावत, आणि बिरप्पा आवर्जून सांगायचा, "ह्या दोगास्नी बी लावा की. ह्येंच्याबिगर त्ये आलंच नसतं हितवर." मग आमच्याही कपाळी कुंकू लागायचे.

खंडेनवमीला तर आमची चंगळ असायची. त्या दिवशी हत्यारांची पूजा. आदल्या दिवशी अजिनाथ आम्हाला धुऊन-पुसून, यंत्राच्या रंगाशी जुळणारा पिवळाधमक ऑइलपेंट लावायचा, पाठीला, कुशीला, पोटाला. पाठीवरचा रंग चेन चार दिवसांत खरवडून न्यायची. पोटाखालचा मात्र तसाच राहायचा आणि पुढच्या वर्षी त्यावर नवा थर चढायचा. मला त्या रंगाचा फार अभिमान होता. पुलावर असताना माझ्यावर काळ्या तेलाशिवाय काही पडले नव्हते.

चौथ्या वर्षी नातेपुत्याच्या एका रानात अवकाळी पावसाने काम अडले आणि मी आठ दिवस काळ्या चिखलात रुतून पडलो. मग कडक ऊन पडले. अंग फुगले, मग आक्रसले, आणि माझ्या पोटाला एक चीर गेली. खंडेनवमीला मला उलटा केल्यावर ती अजिनाथला दिसली.

"आप्पा, हितं केसाएवढी चीर दिसतीया," तो म्हणाला.

"लाकूड हाय. उन्हानं फाटतंच की," बिरप्पा म्हणाला.

रुपाली हळद-कुंकवाचे ताट घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मग लोखंडी रॅम्प करून घ्या की. आपुन कितींदा चढवतो त्ये."

"अगं, लांबी भरली की दिसनार बी न्हाय," असे म्हणून अजिनाथने चिरेत लांबी, म्हणजे रंगाआधी भेगा बुजवायचा लगदा, भरली, पत्र्याच्या तुकड्याने गुळगुळीत केली आणि वरून रंग दिला. खरोखरच ती दिसेनाशी झाली. रुपालीने त्यावर कुंकू लावले.

मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मलाही बरेच वाटले. आपली खोड झाकली गेली की कोणाला बरे वाटत नाही? पण बाहेरून बुजलेली चीर आतून बुजत नाही. रंगाच्या आड ओल अडकली आणि माझे पोट हळूहळू पोकळ होत गेले. दर वर्षी चीर थोडी डोके वर काढायची, दर वर्षी अजिनाथ मायेने लांबी भरायचा, रंग द्यायचा आणि हात जोडायचा. मला तोंड असते तर मी सांगितले असते. कदाचित तरीही सांगितले नसते. पिवळा रंग सोडवत नव्हता.

अशी सात वर्षे झाली आणि गेल्या उन्हाळ्यातली ती सकाळ आली. आम्ही पाइपलाइनच्या कामावर होतो. शेजारच्या गावच्या गोजाबाई स्वतः चालत आल्या. त्यांच्या शेततळ्याचा बांध एका बाजूने खचला होता आणि दुसऱ्या दिवशी कॅनॉलचे पाणी सुटणार होते. तळे धरले नाही तर डाळिंबाची बाग त्या उन्हाळ्यात टिकणार नव्हती. अजिनाथने लगेच निघायचे ठरवले.

त्या सकाळी घरातून निघतानाच नवरा-बायकोचे वाजले होते. रुपालीने पुन्हा लोखंडी रॅम्पचा विषय काढला होता आणि अजिनाथ म्हणाला होता, "सात वर्सं काय झालं न्हाय, आन् आजच हुतंय व्हय?" तेव्हापासून दोघांचा अबोला. ट्रकमध्ये मध्ये बसलेल्या बिरप्पाची पोस्टमनसारखी गत झालेली. "मामा, तुमच्या ल्योकाला सांगा, पान्याचा कॅन भरून घेतलाय." "आप्पा, तिला म्हनावं, मला डोळं हायत." म्हातारा नुसता "बरं" म्हणत होता.

ट्रक लावला. आम्हाला टेकवले. घाई होती, म्हणून आमचे पाय नीट रोवले आहेत की नाहीत, तेवढेच पाहिले. अजिनाथ यंत्रावर चढला, रुपाली आपल्या जागी उभी राहिली. बोलणे बंद असले तरी तळहात हलला, आणि चेन माझ्या पाठीवर आली.

अर्ध्यावर येईपर्यंत मी दम धरला. मग सगळे ओझे माझ्या मधोमध आले आणि पोटातली चीर उघडू लागली. मी करकरलो, पण इंजिनाच्या आवाजात माझे करकरणे कोण ऐकणार? मला फक्त एवढेच कळत होते की वर अजिनाथ बसला आहे, आणि मी मोडलो की यंत्र त्याच्यासकट एका अंगावर उलटणार. रुपाली उभी होती, नेमक्या त्याच अंगाला. आयुष्यात इतके ओझे वाहिले, पण भीती कशी असते, ते मला त्या क्षणी कळले.

माझ्या पोटातून लांबीचा बोटभर पिवळा तुकडा निखळला आणि मातीवर पडला.

रुपालीने तो पाहिला. तिची मूठ वळली.

आता बघा, अजिनाथच्या मनात काय काय येऊ शकले असते. आणखी दोन हात गेले की यंत्र ट्रकवर. वेळ थोडा. आणि सकाळपासून रागावलेली बायको उगीच अडवते आहे, असेही त्याला वाटले असते तर नवल नव्हते. पण त्याने यातले काही मनात आणले नाही. मूठ दिसली आणि त्याचे हात जागच्या जागी थांबले. राग सकाळच्या जागी राहिला, हाताच्या जागी हात राहिला.

पळून जायला रुपालीला जागा होती. ती हलली नाही. ती हलली असती, तर त्याला खूण कोण देणार? डाव्या हाताने तिने मागे, जमिनीकडे दाखवले. उजवी मूठ तशीच. अजिनाथला उमगले. त्याने यंत्राचा लांब हात वळवून मागे नेला, बकेट जमिनीत रोवली आणि निम्मे वजन त्या हातावर घेतले. मग बोट-बोट करत यंत्र खाली सरकू लागले. बिरप्पाने गोजाबाईंना धरून लांब नेले. रुपालीचा डावा हात 'मागे ये' म्हणत होता, उजवी मूठ 'पुढे नको' म्हणत होती, आणि अजिनाथ एकेक वीत खाली येत होता. मी जेवढे धरता येईल तेवढे धरून होतो. शेवटी चेन जमिनीपासून वीतभर राहिली आणि मी कडाडून मोडलो. यंत्र एका अंगाला कलले, हेलकावले आणि मातीवर बसले.

अजिनाथने इंजिन बंद केले. खाली उतरून तो माझ्याकडे आला नाही, यंत्राकडेही त्याने पाहिले नाही. तो रुपालीपाशी गेला. तिची उजवी मूठ अजून वळलेलीच होती.

"रुपाली, सोड आता. आलो मी खाली."

"सुटंना," ती म्हणाली. "सोडतीया, पर सुटंना."

मग त्याने तिची मूठ आपल्या हातात घेतली आणि एकेक बोट हळूहळू उघडले. तळहातात नखांच्या खुणा उमटल्या होत्या. "चीर मला ठावं हुती," तो म्हणाला. "मीच बुजवली. दर साली माज्या हातानं बुजवली."

बिरप्पा माझ्या तुटलेल्या तोंडापाशी उकिडवा बसला होता. आतले भुसभुशीत लाकूड त्याने चिमटीत धरले आणि नखाने चिरेवरच्या रंगाचे पापुद्रे सोडवले. सात निघाले. "मी बी नुसती पाठच बगितली की," तो म्हणाला. गोजाबाई पुढे आल्या. "माजं तळं ऱ्हाऊं द्या," त्या म्हणाल्या. "मानसं ऱ्हायली, लई झालं."

पण तळेही राहिले. जुन्या रीतीने मातीचा ढीग करून त्यांनी यंत्र चढवले, सांज व्हायच्या आत बांध घातला, आणि दुसऱ्या दिवशी पाणी आले ते तळ्यातच राहिले.

आता आमच्या जागी लोखंडी रॅम्प आले आहेत. माझा जोडीदार शेडच्या भिंतीला पडून आहे. माझा एक तुकडा ट्रकच्या चाकामागे अडण म्हणून लावतात, दुसऱ्याचे काय झाले ते मला ठाऊक नाही. कुंकू लावायची आठवण आता कोणाला राहत नाही. परवाच्या खंडेनवमीला मी चाकामागून पाहत होतो. अजिनाथ आणि रुपाली, दोघांनी मिळून नवे रॅम्प उलटे केले, उन्हात धरले आणि एकेक जोड बोटाने चाचपून पाहिला. रंग फक्त कडांना दिला. पोट तसेच उघडे ठेवले. जुने दिवस आठवून माझा जीव थोडा कासावीस झाला, पण त्याहून जास्त निवांत वाटले.

मित्रांनो, तुमच्या घरीही तुमच्यासाठी झिजणाऱ्या वस्तू असतील. त्यांच्यावर माया करा, त्यांना सजवा, हातही जोडा. पण त्याआधी त्यांना एकदा उलटे करून बघा, आणि दुखणे दिसले तर ते झाकू नका. मोडल्याचे मला दुःख नाही. लाकूड आज ना उद्या मोडायचेच. दुःख एवढेच आहे की मला वेळेवर कामावरून उतरवले असते, तर त्या सकाळी एका बाईला आपली मूठ आपल्या हाताने उघडता आली असती.