बोलणाऱ्यांची नावे

निरोप समारंभात मुख्याध्यापक म्हणाले होते, "शाळेनं तुम्हाला आयुष्यासाठी तयार केलंय." समोसा खाता खाता मी ते खरं मानलं.

मी पाचवी ते दहावी सलग मॉनिटर. सर वर्गाबाहेर गेले की फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायची, परत बोलला की नावापुढे फुली. कुणाला बाहेर जायचं असेल तर करंगळी मलाच दाखवायची. एवढंच मला पक्कं येतं.

बारावीनंतर लांज्यातल्या काजूच्या कारखान्यात सुपरवायझरचं काम मिळालं. मिळालं म्हणजे शेजारच्या मैनाकाकीनं मिळवून दिलं. ती तिथे पंधरा वर्षं काजूगर सोलते. तान्हा असताना मला पायांवर घेऊन आंघोळ घालणारीही तीच. मालकांना म्हणाली, "आमचा संदेश हाय. कुणाला उलट बोलायचा नाय."

पहिल्या दिवशी मालक आत्मारामशेठ मला तीस बायकांपुढे उभं करून "लक्ष ठेव" म्हणाले आणि निघून गेले. लगेच गलका. भिंतीवर मालाची नोंद करायचा फळा होता. खडूही होता. हात आपोआप वर गेला.

"संद्या, काय लिवतोस रे?" मैनाकाकी ओरडली.

पहिलं नाव तिचंच पडलं.

"मेल्या, नुसतं मैना काय? नवऱ्याचं पण घाल!"

सगळ्या हसल्या. मी 'भागोजी' घातलं आणि पुढे फुली मारली. अर्ध्या तासात चार फुल्या झाल्या.

शेठ परत आले. फळा बघून त्यांचे डोळे भरून आले. तेही मॉनिटर होते.

"चार फुल्या? उभी कर बाहेर."

मैनाकाकी हायवेच्या कडेला, पदर डोक्यावर घेऊन तासभर उभी राहिली. लांज्याला येणारी एक एसटी तिच्यासाठी थांबली. तिनं हातानंच नको म्हटलं. कंडक्टर वैतागला.

मी शेठना एक शब्द बोललो असतो तरी चाललं असतं. पण मी बोलणाऱ्यांतला नव्हतो.

सुटताना तिच्या शेजारी बसणारी गोदा म्हणाली, "ती तुझंच सांगत होती. पोर नवा हाय, घाबरलाय, त्याला कोण हसू नका."

दुसऱ्या दिवशी तीस बायका गप्प. नुसता सुऱ्यांचा आवाज. मी फळा सकाळीच पुसला होता, पण तिचं नाव ओल्या फडक्यानंही पूर्ण जाईना.

अकराच्या सुमारास मैनाकाकी जागेवर उभी राहिली. पंचावन्न वर्षांची बाई, चौथी शिकलेली. तिनं करंगळी वर केली.

"सर, जाऊ काय?"

कोणीच हसलं नाही. काकी, चुकलो, एवढंच म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण सहा वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघालं, "जा. पण लवकर ये."

ती गेली, आणि खरंच लवकर आली.