आण्णाला कशासाठी ठेवलं

"एवढ्या वर तर कारखान्याचा भोंगाबी जात न्हाय," माझ्या मागच्या बाकावरून झुंबरबाई पुटपुटल्या. पुटपुटल्या म्हणजे त्यांच्या मते. कोल्हापुरातलं पुटपुटणं चार बाकांपर्यंत आरामात पोचतं.

मी मान वळवली नाही. गाण्यात वर चढत होता तो माझा थोरला भाऊ, शमुवेल आण्णा. चर्चच्या पहिल्या बाकावर, डाव्या हातात काठी, डोळे मिटलेले, मंडळीच्या दोन ओळी पुढं आणि सुराच्या दोन गल्ल्या पलीकडं.

पूर्वी असं नव्हतं. चाळीस वर्षं आमच्या चर्चमध्ये गाणं आण्णानं धरायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यामागं जायचं. मग जानेवारीत एका सकाळी दाढी करताना त्याला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, बोलणं गेलं. "चहा दे" म्हणायचं असलं की ओठ थरथरायचे, कपाळाला घाम फुटायचा आणि शेवटी बाहेर यायचं, "कात्री." पण तेच गाऊन म्हटलं की शब्द अख्खा! डॉक्टर म्हणाले, असं होतं. तेव्हापासून आमच्या घरात चहा, टॉवेल, गरम पाणी सगळं भजनाच्या चालीवर मागितलं जातं. एकदा मंडईत त्यानं मेथी गाऊन मागितली. भाजीवालीनं हात जोडले आणि वर कोथिंबीर दिली.

तर शब्द राहिले, सूर तेवढा गेला. आणि ही गोष्ट आण्णा सोडून सगळ्यांना ठाऊक.

चूक आमचीच. आजारपणात भेटायला जो येई तो खाटेपाशी बसून एकच म्हणे, "आण्णा, देवानं तुमास्नी राखलंय, म्हंजे त्याची कायतरी योजना हाय." मग बिस्किटं खाऊन घरी जाई. म्हणणाऱ्याला ते 'बरं आहे ना?' इतकंच. पण आण्णा भाबडा, त्यानं ते खरं धरलं. हरवलेला चष्मा शोधावा तशी तो योजना शोधायला लागला. मला विचारायचा, तेही गाऊन, "कशासाठी ठेवलं गं रूथ, कशासाठी?" विचारताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. मी भाकरी थापत राहायची. दुसरं काय करणार? मला स्वतःला कशासाठी ठेवलंय तेच अजून कळलेलं नाही.

मग त्यानं जेवण सोडलं. तीन दिवस. चौथ्या दिवशी उठून बसला तो तोंडभर हसत. त्याला उत्तर मिळालं होतं. देवानं बोलणं नेलं आणि गाणं मागं ठेवलं, म्हणजे अर्थ सरळ आहे, गा! त्या दिवशी तो दोन भाकऱ्या जेवला. आता अशा माणसाला कोण सांगणार, की बाबा, तेवढं सोडून दुसरं काहीही कर?

प्रयत्न झाले. पेटीवाल्यानं भाता जोरात मारून पाहिला. पाळकसाहेबांनी पाच गाण्यांची तीन केली आणि प्रार्थना लांबवली, तेव्हा लोक प्रार्थनेवर कुरकुरायला लागले. माईक दोनदा मुद्दाम बिघडला. पण आण्णाला माईक लागतोय कुठं? शेवटी नाताळ तोंडावर आला तशी कमिटी बसली. तासभर सगळे "तसं बघायला गेलं तर" एवढंच म्हणत राहिले, आणि ठराव झाला, की जे काय आहे ते आण्णांना प्रेमानं सांगावं. कुणी? सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"आक्का, तुम्ही घरातल्या," पाळकसाहेब म्हणाले.

"आणि तुम्ही पाळक. मेंढराला तुम्ही वाट दाखवायची."

"ते खरं हो. पण मी गाणं त्यांच्याकडंच शिकलोय."

मंगळवारी सांगायचं मी ठरवलं. मंगळवारी आम्ही रिक्षानं फिजिओथेरपीला जातो. दसरा चौकात मी तोंड उघडलं. आण्णानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "मफलर नीट घे." आणि मनात म्हटलं, प्रभू, तूच सांग बाबा त्याला. माझ्याच्यानं होत नाही.

व्यायामाच्या खोलीत आण्णाच्या शेजारची खुर्ची गैबीचाचांची. कुरुंदवाडहून एसटीनं येतात. जन्मभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवलेला माणूस. त्यांनाही झटकाच, पण त्यांचं बोलणं पुरतं गेलेलं. चार महिन्यांत एक शब्द नाही, गाऊनसुद्धा नाही. त्यांच्या सुलतानबी मला दर खेपेला म्हणायच्या, "शिवी दिली तरी चालंल बघा, आक्का. पर कायतरी म्हणू दे."

व्यायाम घेणाऱ्या भैरवीनं दोघांच्या हाती कप्पीची दोरी दिली. दोरीबरोबर आण्णाचं गाणं सुरू झालं.

"छान, आण्णा!" भैरवी म्हणाली. तिलाही तेच म्हणावं लागतं.

मी सहज गैबीचाचांकडं पाहिलं. आण्णा वर चढला की त्यांचं तोंड कच्ची चिंच चावल्यासारखं व्हायचं. डाव्या हाताची बोटं मांडीवर दाबत ते खरा सूर शोधत होते. आणि मग त्यांचे ओठ हलले.

"ब्... ब्..."

"काय? काय पायजे? पाणी पायजे व्हय?" सुलतानबी धडपडत उठल्या. चाचांनी मान झटकली.

आण्णा थांबला. शब्द घशाशी येऊन अडला की तो किती जड होतो, हे त्या खोलीत त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? काठी टेकत तो उठला, चाचांसमोर गुडघ्याला गुडघा लावून बसला आणि तीच ओळ पुन्हा गायला लागला. मघापेक्षा मोठ्यानं.

'ब'वरून कुठला शब्द येतोय हे मला एव्हाना कळलं होतं. हयातभर वरातीपुढं वाजवणारा माणूस काही 'बिस्कीट' म्हणणार नव्हता. आण्णाला उठवायला हवं होतं. "चल, रिक्षा आलीय," एवढं म्हटलं असतं तरी त्याची योजना शाबूत राहिली असती. मी सुलतानबींकडं पाहिलं. त्यांनी पदराचं टोक दातांत धरलं होतं.

मग मीही गायला लागले. गाण्यात मी तर जन्मजात गाढव. आता दोघं.

"ब्बे... ब्बे..." चाचांच्या मानेच्या शिरा ताठल्या. आण्णा डावा हात हलवून त्यांना पुढं बोलवत होता, नुकतं चालायला लागलेल्या पोराला बोलवावं तसा. ये, ये, अजून एक पाऊल. आणि स्वतः आणखी एक पट्टी वर चढला.

"बेसूर!" गैबीचाचा गरजले. "बेसूर हाय की, आण्णा! चार महिनं... लई बेसूर!"