कासव पोचलं का?

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. लाकूड सागाचे, बैठक वेताची आणि पुढचा डावा पाय जरा आखूड. सध्या माझा मुक्काम शाळेच्या अडगळीच्या खोलीत आहे. शेजारी एक चेपलेला पृथ्वीचा गोल आहे आणि कड्या निघालेला फळा आहे. आम्ही एकमेकांशी फारसे बोलत नाही. ज्याचे दुखणे ज्याला.

मला घडवले ते मुख्याध्यापकांच्या खोलीसाठी. तेव्हाचा माझा तोरा काय विचारता! रोज सकाळी मला पुसले जाई आणि मुख्याध्यापकांशिवाय कोणी माझ्यात बसायची छाती करत नसे. पण एकदा रंगकामासाठी सामान हलवताना शिपाईकाकांच्या हातून मी जिन्यावरून घरंगळले आणि पायाचा टवका उडाला. त्यानंतर मुख्याध्यापक माझ्यात बसले की डुलू लागत. रागावताना माणूस डुलला, तर समोरच्या मुलाला हसू येते. म्हणून माझी रवानगी चौथीच्या वर्गात झाली.

मला वाटले, आपले दिवस भरले. पण चौथीच्या बाईंनी माझ्या आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि मला वर्गाच्या मधोमध ठेवले. दर शनिवारी शेवटच्या तासाला एकेका मुलाने माझ्यात बसायचे आणि आपण वाचलेले, लिहिलेले किंवा हाताने बनवलेले काही सगळ्यांना सांगायचे. या तासाचे नियमही होते. सांगणाऱ्याच्या मध्ये कोणी बोलायचे नाही. संपले की सांगणाऱ्याने स्वतः मला उचलून भिंतीशी लावायचे. अर्धे राहिले तर मी तिथेच मधोमध थांबायची आणि पुढच्या शनिवारीही पाळी त्याचीच. पुढे एका दीडशहाण्याने डबा खाता खाताच गोष्टीचा शेवट सांगून टाकला आणि सगळा वर्ग हिरमुसला. तेव्हापासून आणखी एक नियम झाला. गोष्ट आधी कुणाजवळ फोडायची नाही, ती खुर्चीतूनच सांगायची.

ते माझे सुखाचे दिवस होते. एका मुलीने चार ओळींची कविता वाचली आणि कानापर्यंत लाल झाली. वर्गात ज्याला सगळे पैलवान म्हणत, तो काड्यांचा पूल घेऊन असा धपकन बसला की माझ्या वेताचे एक टोक सुटले. पूल मात्र शाबूत राहिला.

आणि मग भुंगीची पाळी आली. ती खाली मान घालून गुणगुणल्यासारखे वाचायची, म्हणून तिचे नाव भुंगी. तिची आई इस्त्रीच्या दुकानात कामाला होती. शनिवारी तिथे फार गर्दी असे आणि धाकट्या लेकीला सांभाळायला घरी कोणी नसे. म्हणून भुंगी बहिणीला घेऊन येई आणि बाई तिला बसू देत. त्या धाकटीने बसायला जागा कोणती निवडावी? माझ्याच खाली, चार पायांच्या मध्ये.

भुंगीने एक गोष्ट लिहिली होती. एक कासव समुद्र शोधायला निघते. कासवही तिनेच बनवले होते. हिरव्या मोज्याचे अंग, डब्याच्या झाकणाची पाठ आणि बटणांचे डोळे. त्यातले एक बटण पहिल्याच दिवशी हरवले. मग गोष्टीतले कासवही एकाक्ष झाले. भुंगी वर बसून वाचायची आणि धाकटी खालून मोज्यात हात घालून कासवाला माझ्या पायावरून हळूहळू वर चढवायची. दुसऱ्या हाताने ती माझ्या वेताचे सुटलेले टोक ओढत बसे. मला गुदगुल्या होत. मध्येच ती विचारायची, "ताई, पोचलं का गं?"

"थांब की. लांब आहे अजून."

मध्ये बोलायचे नाही हा नियम धाकटीला कोणी लावला नाही.

गोष्ट मारुतीच्या शेपटीसारखी लांबत चालली. कासवाला कधी नदी आडवी येई, कधी काट्यांचे रान लागे. एकदा तर ते उताणे पडले आणि अख्खा तास तसेच पडून राहिले. मला यातली मेख कळली होती. गोष्ट चालू असेपर्यंत पाळी भुंगीची होती आणि पाळी होती म्हणून धाकटी कासव घेऊन मिरवत होती. पण पुढची पाळी पैलवानाची होती. तो कुरकुरला, "बाई, हे कासव पोचेपर्यंत आम्ही दहावीला जाऊ."

बाईंना हसू आले. "भुंगे, पुढच्या शनिवारी पोचव बाई त्याला एकदाचं."

भुंगीने मान डोलावली. धाकटी तर हरखलीच. घरी जाताना शिपाईकाकांनाही सांगून गेली, "शनिवारी आमचं कासव पोचणार आहे."

त्याच आठवड्यात धाकटीला ताप भरला. भुंगी एक-दोन दिवस शाळेत आली आणि मग यायची थांबली. शनिवारी मी मधोमध वाट पाहत होते. बाई वर्गात आल्या आणि टेबलाला धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी मुलांना सांगितले की भुंगीची बहीण गेली.

त्या दिवशी कोणी काही वाचले नाही.

नंतर एका दुपारी वर्ग रिकामा असताना त्या मुलींची आई बाईंना भेटायला आली. तिला आमचे नियम काय ठाऊक! दमली होती, समोर मी दिसले, ती माझ्यात बसली. माझ्या हातांवर तिचे तळवे होते, इस्त्रीच्या मुठीने घट्टे पडलेले. म्हणाली, "मोठी शाळेत यायलाच तयार नाही, बाई. भिंतीकडे तोंड करून बसते." मग म्हणाली, "धाकटी तापातसुद्धा विचारायची, कासव पोचलं का. ही म्हणायची, शनिवारी सांगते, खुर्चीत बसून. आधी फोडायचं नसतं, बाईंचा नियम आहे. शेवटच्या रात्रीसुद्धा हेच म्हणाली. फार नियमाची पोर आहे हो माझी."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना सोसले असते. बाई एवढेच म्हणाल्या, "नियम माझा होता. तिला म्हणावं, नियम माझा होता."

काही दिवसांनी भुंगी आली आणि मागच्या बाकावर बसली. माझ्याकडे तिने पाहिले नाही. बाईंनी पैलवानाला म्हटले, "तू घे आता खुर्ची." तो जागचा हलला नाही. म्हणाला, "तिचं संपलं नाही अजून." आणि त्याने आपले लिहिलेले उभ्यानेच वाचून दाखवले. त्याच्यानंतर सगळ्यांनी तसेच केले. उरलेले वर्षभर मी वर्गाच्या मधोमध उभी होते. येता-जाता मुलांना माझी ठेच लागे, पण कोणी मला बोटभरही सरकवले नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारले, "ही खुर्ची वाटेत कशाला?" मुले म्हणाली, "पाळी चालू आहे."

निकालाच्या दिवशी वर्ग रिकामा झाला. मला वाटले, आता शिपाईकाका मला उचलणार. तेवढ्यात भुंगी परत आली. तिने वर्गाच्या कपाटात ठेवलेला कासवाचा हिरवा मोजा काढला. तो स्वतःच्या हातात घातला नाही. वाकून माझ्या खाली, धाकटीच्या जागेवर ठेवला. मग ती माझ्यात बसली. हातात कागद नव्हता. पाय अजून जमिनीला टेकत नव्हते. मी डुलू नये म्हणून जिवाच्या आकांताने स्थिर राहिले.

मग ती खाली वाकून म्हणाली, "पोचलं गं. समुद्र इतका मोठा होता, एका डोळ्यात मावलाच नाही."

ती खाली उतरली. मोजा खिशात घातला. मला उचलले आणि भिंतीशी लावले. मित्रांनो, लाकडाला रडता येत नाही. येत असते तर त्या दिवशी मी कुजून गेले असते.

पुढच्या वर्षी बाईंनी सगळे नियम ठेवले, गोष्ट न फोडण्याचा तेवढा काढून टाकला. नंतर त्यांची बदली झाली, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी इथे आले. त्याची माझी तक्रार नाही. पण घरी कोणी तुम्हाला "पुढे काय झालं?" असे विचारले, तर सांगून टाका. उभ्याने सांगा, जेवता जेवता सांगा. खुर्ची काय, कितीही थांबते.

आणि कधी मला दुरुस्त करायचे कुणाच्या मनात आलेच, तर पाय नीट करा, धूळ झटका. फक्त वेताचे ते सुटलेले टोक कापू नका. धाकटी तिथे धरून बसायची.