माझी दोन बंद पाने

“ऐंशी पानं धीर धर. पुढं गोष्टच तुझा हात धरील.”

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे, आणि हे शब्द गुरुलिंगअण्णांचे आहेत. वाचनालयातून माझ्यासारखीच एक प्रत आणून त्यांनी वाचली होती. ती फार आवडली, म्हणून बायकोसाठी, रत्नम्मांसाठी, त्यांनी मला नवी कोरी विकत आणले.

अण्णांचे घर सोलापुरात, आणि माझा जन्मही तिथल्याच एका लहान छापखान्यात झाला. त्या दिवशी कागद कापायचे पाते बोथट होते. माझी अठ्ठ्याण्णव आणि नव्व्याण्णव ही पाने कडेने जोडलेलीच राहिली, बंद पाकिटासारखी. कुणीतरी फूटपट्टी घालून ती उलगडेल, याची मी वाट पाहू लागले.

माझी सुरुवात संथ आहे, हे मी कबूल करते. एक पाणाड्या पाण्याची जागा शोधत माळावर फिरतो आणि ऐंशी पाने नुसता फिरतच राहतो. त्याच्या मागून एक बाई रिकामी घागर घेऊन चालते. ती कोण, हे मी लवकर सांगत नाही. रत्नम्मा एकविसाव्या पानावर थांबल्या. अण्णांनी विचारले तेव्हा मात्र म्हणाल्या, “वाचली की. लई ग्वाड हाय.”

मला बोलता येत असते तर! पुढे रत्नम्मांनी सगळ्या शेजारणींत माझे कौतुक केले, पण बाविसावे पान न वाचलेलेच राहिले. अण्णा वारले. रत्नम्मांची नजरही गेली. मुलाकडे अकलूजला राहायला जाताना त्यांनी मला शेजारच्या पद्मजाताईंच्या हातात दिले. वाचून लई वर्षं झाली, शेवट आठवत नाही, तू वाच आणि मला सांग, असे म्हणाल्या. पद्मजाताईंनी माझ्यावर हात ठेवून शब्द दिला.

पद्मजाताई नेमाच्या बाई. रोज स्नान, पूजा आणि पोथीचा एक अध्याय. मलाही त्यांनी त्याच पाटावर घेतले. पहिल्या दिवशी सवयीने मला हळदकुंकू वाहिले आणि स्वतःशीच हसल्या. पण नेमही पोथीचाच लावला. दिवसाला एक प्रकरण, कमी नाही, जास्त नाही. पाणाड्याने काठी टेकवली की माझे प्रकरण संपायचे आणि त्या मला मिटायच्या. अहो, अजून दोनच ओळी वाचा, असे मला ओरडून सांगावेसे वाटायचे. रात्रंदिवस कपाटात माझी नुसती तगमग.

बासष्टाव्या पानावर त्याही थकल्या. पोथी कळली नाही तरी पुण्य लागते, इथे पुण्यही नाही आणि गोष्टही नाही, असे लेकीला, देवयानीला, म्हणाल्या.

“मग सोड की आई. पोथी अर्धी सोडली तर दोष लागतो. कादंबरीला काय होतंय?”

“शब्द दिलाय गं.”

“तर शेवटचं पान वाच आणि सांगून टाक. त्यांना कुठं कळणार आहे?”

तीन दिवस मी कपाटात होते. चौथ्या दिवशी पद्मजाताईंनी मला उचलले, पण बोट खुणेच्या मोरपिसाकडे गेले नाही. थेट शेवटाकडे निघाले. पाने भराभर उलटता उलटता बोट अडले ते अठ्ठ्याण्णवाव्या पानाशी. त्यांनी कड चाचपली. पुन्हा चाचपली. मग मला मांडीवर ठेवून त्यांनी अकलूजला फोन लावला.

“अक्का, अठ्ठ्याण्णवावं पान तर उघडलेलंच नाही.”



“त्यांनी चारदा विचारलं अन् चारदा मी व्हय म्हटलं,” रत्नम्मा म्हणाल्या. “ते गेल्यावर वाचायचं ठरवलं, तर डोळ्यांनी दगा दिला. पद्मजा, त्यांच्या फोटोम्होरं दिवा लावताना अजून लाज वाटती बघ.”

पद्मजाताईंचेही बोट आत्ताच शेवटाकडे निघाले होते ना! दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा पाटावर बसल्या आणि त्रेसष्टावे पान उघडले. ऐंशीव्या पानावर घागरवाली कोण, ते कळले. त्या दिवशी निरांजनातली वात विझली, तरी त्यांच्या ध्यानात आले नाही. सत्त्याण्णवाव्या पानावर मात्र त्या आपणहून थांबल्या.

मित्रांनो, प्रत्येक संथ पुस्तक तडीस न्यावेच, असे मी म्हणत नाही. नाही आवडले तर खुशाल खाली ठेवा. पण न वाचताच ‘वाचले’ म्हणू नका. आम्ही पुस्तके पडून राहतो, आम्हाला सवय असते. ते खोटे बोचत राहते तुमचे तुम्हालाच.

आज सोमवार, पद्मजाताईंचा उपवास. पूजा झाली, पण माझे आजचे प्रकरण त्यांनी वाचले नाही. मला धुतलेल्या पंच्यात गुंडाळून पिशवीत ठेवले. शेजारी लोखंडी फूटपट्टी ठेवली. कुठे निघालीस, असे देवयानीने विचारले.

“आजचं प्रकरण अक्कांपाशी बसून वाचायचंय,” असे हळूच म्हणून त्यांनी चपला घातल्या आणि एसटी स्टँडची वाट धरली.