सुटला

कडूबानं हैदरचा अंगठा शाईच्या गादीवर टेकवला, हलकाच फिरवला आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यात उमटवला. पंचवीस वर्षं काथ्याचे दोर ओढून त्या अंगठ्यावरच्या रेघा पुसट झाल्या होत्या. ठसा धड उठेना. पुन्हा एकदा उमटवावा लागला.

"झालं का, बाबूजी?" खाटेवर पडल्या पडल्या हैदरनं विचारलं.

"बाबूजी काऊन म्हंतो बे?"

"मंग काय म्हनू? आठ दिसापयले मह्यासंग गाठी उचलत होता, आता महा अंगठा उचलून राह्यला. तरक्की झाली तुही."

कडूबा हसला. चिखलीच्या सरकारी दवाखान्यात हैदरचा उजवा पाय मांडीपासून खाली प्लास्टरमध्ये होता. त्याची बायको अमीरबी पायथ्याशी जमिनीवर बसून भाकरीचं फडकं सोडत होती.

अंगठा घेण्याआधी कडूबानं कागद उभ्यानं, मोठ्यानं वाचून दाखवला होता. मी, हैदर वल्द मदार, कापसाच्या जिनात हमाल. सोमवारी सकाळी थप्पीवरून रुईची गाठ उतरवताना कप्पीवरून दोर सुटला आणि गाठ माझ्या पायावर आली. एवढाच जबाब. हैदरनं सांगितला तोच. कप्पीची खाच झिजून गेली आहे, दोर तिच्यात ठरत नाही, हे जिनातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. ते निराळं सांगायला हवं असं हैदरला वाटलं नाही आणि कडूबालाही नाही.

"कित्ता साफ पढते, भाऊ," अमीरबी म्हणाली होती.

जिनाची रीत जुनी होती. हमालाची चूक नसताना हात-पाय गेला, तर त्याला फाटकावर बसवायचं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहायच्या, स्टूल आणि छत्री जिनाची. चूक त्याची असली, तर नाव कटलं. हैदरच्या पायात आता गाठ उचलायचं बळ येणार नाही, हे डॉक्टरनं सांगितलंच होतं. राहिलं होतं ते फाटकावरचं स्टूल.

कडूबानं ठशाखाली लिहिलं, 'वाचून दाखविले', आणि आपली सही केली. शेवटच्या 'बा'चा काना जरा लांब गेला. ही सही अकोल्याच्या कामगार कचेरीपर्यंत जाणार होती.

सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याला टेबल मिळालं होतं. त्याआधी तीन वर्षं दर रविवारी सकाळी तो शाळेच्या ओसरीवर निवृत्ती गुरुजींपुढे बसत आला होता. गुरुजींनी त्याला पाटी दिली, तेव्हा पेन्सिल त्याच्या बोटांत मोडली. एक नाही, चार मोडल्या. गुरुजी म्हणाले, "मोडू दे. हाताला अजून ती गाठच वाटते आहे." मग बाराखडी आली, जोडाक्षरं आली, चौथीचं पुस्तक आलं. कंबर दुखायला लागल्यापासून त्यानं जिनाचे हेडक्लार्क सोनटक्के बाबू यांना दोनदा विचारलं होतं, कचेरीत काही काम निघतं का म्हणून. बाबू दोन्ही वेळा हसले होते. "कडूबा, ज्याच्या हातात जे शोभतं तेच बरं."

हैदरच्या पायावर गाठ पडली ती सोमवारी. गुरुवारी बाबूंनी त्याला आत बोलावलं. खिडकीपाशी एक टेबल लावलेलं होतं, एका पायाखाली विटेचा तुकडा. "गेटपास लिहायचे, टपाल लावायचं. जमेल ना?"

घरी बायकोनं, गोजरबाईनं, ऐकलं आणि चुलीपुढून तशीच उठली. "मंग आता मी तेल कोठी लावू? पाठीले का बोटायले?" म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून बराच वेळ हसली. दुसऱ्या दिवशी हमाल एकेक करून खिडकीशी येऊन त्याला पाहून गेले. पुंजाजी नावाचा म्हातारा हमाल तर गजाला धरून उभाच राहिला. "कडूबा, कागदाचं वजन लय हाये का रे? घाम आला तुले."

पहिलं मोठं काम हैदरच्या जबाबाचं निघालं. कडूबानं दवाखान्यात जाऊन तो शिसपेन्सिलनं लिहून आणला. बाबूंनी पाहिला, मान डोलावली. "छान. पण अकोल्याला जायचा कागद आहे. शाईनं, स्वच्छ अक्षरात पाहिजे. मी उतरवून देतो. तुम्ही वाचून दाखवा, अंगठा घ्या आणि खाली सही करा."

तो कागद गेला. प्लास्टर निघालं. हैदर काठी घेऊन घरातल्या घरात चालू लागला. कचेरीत कडूबाचा हातही चालू लागला; गेटपास लिहिताना आता ओळ खाली झुकत नसे.

महिन्याभरानं एका दुपारी अमीरबी खिडकीशी आली. हातात जिनाचं पाकीट होतं.

"भाऊ, जरा पढो. पोस्टमन बोल्या जिनका हय."

पाकिटावर सोनटक्के बाबूंचं अक्षर होतं. टपाल कडूबा लावत असे. हे त्याच्या हातून गेलं नव्हतं. त्यानं वाचायला सुरुवात केली. "आपल्या जबाबानुसार आपण स्वतः कप्पीवरून दोर सोडल्याने अपघात घडला. सबब आपले नाव हजेरीतून कमी..." तो थांबला.

"सोड्या?" अमीरबी म्हणाली. "किने सोड्या?"

कडूबानं पाकीट पुन्हा चाचपलं. पाकिटात जबाबाची नक्कल होती. ती तो तिथंच उघडून पाहू लागला. कप्पीवरून दोर सोडला आणि गाठ माझ्या पायावर आली. बाकी सगळं तेच होतं. तारीख तीच, वार तोच.

"नक्कल चुकली असंन," तो म्हणाला. "मी पाहतो. तुम्ही जा घरी."

संध्याकाळी बाबू घरी गेल्यावर त्यानं फाईल काढली. हैदरचे दोन पुसट अंगठे तिथं होते. लांब कान्याची सही होती. आणि वर, निळ्या शाईत, बाबूंच्या गोल अक्षरात, 'सोडला'.

तो नक्कल घेऊन गुरुजींकडे गेला. गुरुजी अंगणात मोडलेल्या पाट्यांच्या चौकटी दुरुस्त करत बसले होते. त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला.

"गुरुजी, म्या 'सुटला' वाचलं. मह्या ध्यानात हाये. म्या डोळ्यानं पाह्यलं."

"तू पाहिलं नाहीस, कडूबा. तू ऐकलंस. हैदरचं बोलणं तुझ्या कानात होतं. पहिलं अक्षर दिसलं, बाकीचं मनानं भरलं." गुरुजींनी कागद मांडीवर ठेवला. "मोठेपणी शिकलेली माणसं असंच वाचतात. लहान पोर अडखळतं, कारण त्याच्या मनात भरायला अजून काही नसतं. सात वर्षांचं पोर इथं अडखळलं असतं."

"म्हंजे चूक महीच."

"माझीही. तुला लवकर पुढं न्यायची हौस मला होती. चुकीच्या ओळी मुद्दाम लिहून वाचायला द्यायला पाहिजे होत्या. पोरांना देतो मी." त्यांनी चष्मा काढला. "पण लिहिणारा अडखळला नाही, कडूबा. त्यानं तुझा कागद समोर ठेवून लिहिलं. अकोल्याला अर्ज करू. मी लिहितो."

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडली तेव्हा कडूबा आपल्या टेबलाकडे न जाता सोनटक्के बाबूंच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"बाबू, म्या 'सुटला' लिहून आनलं होतं."

"असेल." बाबूंनी दौतीचं झाकण उघडलं. "तो शिसपेन्सिलचा कागद कुठे आहे आता?"

"तुमच्यापाशीच देल्ला होता."

"कच्चे कागद आपण ठेवत नाही, कडूबा. पक्क्या कागदावर तुमची सही आहे. 'वाचून दाखविले'. मी दाखवलं नाही, तुम्ही दाखवलं."

"तुम्ही काऊन नाई गेले मंग दवाखान्यात?"

बाबू रागावले नाहीत. समजावून सांगावं तसं म्हणाले, "मी गेलो असतो तर त्यानं अंगठा दिला असता का? हमाल माझ्या वाचण्यावर अंगठा देत नाहीत. तुमच्या वाचण्यावर देतात. म्हणून तर जिनाला तुमच्यासारखा माणूस कचेरीत पाहिजे होता." त्यांनी टाक दौतीत बुडवला. "बसा. दोन गेटपास राहिलेत."

कडूबा टेबलाशी जाऊन बसला. त्यानं दोन्ही गेटपास लिहिले. पहिल्यावर तारीख चुकली, तो फाडून पुन्हा लिहिला.

त्या संध्याकाळी तो हैदरच्या घरी गेला. हैदर भिंतीला पाठ लावून बसला होता. कडूबानं सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. हैदर दुखऱ्या मांडीवरून हात फिरवत ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "म्या अंगठा कागदावर नाई देल्ला, कडूबा. तुह्या तोंडावर देल्ला." आणि काठी उचलून तो आत गेला. अमीरबीनं चहा आणून ठेवला होता. तो तसाच राहिला.

गुरुजींच्या अर्जावर तीन आठवड्यांनी अकोल्याचे कामगार साहेब आले. कचेरीत त्यांना बाबूंची खुर्ची दिली. हैदरला बैलगाडीतून आणलं होतं. तो दाराशी बाकावर बसला, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून. बाहेर पुंजाजी आणि बाकीचे हमाल खिडकीच्या गजांशी गोळा झाले होते.

"हा अंगठा तुमचा?" साहेबांनी विचारलं.

"हाव."

"कागद वाचून दाखवला होता?"

"हाव. यानं." हैदरनं कडूबाकडे पाहिलं नाही.

"काय वाचलं?"

"दोर सुटला."

साहेब कडूबाकडे वळले. ते तरुण होते, घाईत होते, पण ऐकून घेणारे दिसत होते. "अर्जात लिहिलंय, तुमच्याकडून वाचताना चूक झाली. कागदात बाकी काही चुकलं होतं?"

"नाई, साहेब."

"वार, तारीख, नाव, सगळं बरोबर वाचलं?"

"हो."

"आणि नेमका तोच एक शब्द चुकला." साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. "हे कोणाला पटणार? वाचता येणारा माणूस 'सुटला' आणि 'सोडला' यात चुकत नाही. जिनाचे लोक म्हणतील, तेव्हा बरोबरच वाचलं होतं, आता दोस्तासाठी फिरले. तुमची सही असेपर्यंत मला हा जबाब खरा धरावा लागतो."

सोनटक्के बाबू भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होते.

"अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हतं, ते ठीक," साहेब म्हणाले. "वाचून दाखवणाऱ्यालाच येत नसतं, तर हा जबाब रद्द झाला असता, नवा घेता आला असता. पण तुम्ही तर कारकून आहात."

कडूबा उभाच होता. त्याच्या टेबलावर टपालाचा गठ्ठा पडला होता. वरच्या पाकिटावर अमडापूर लिहिलेलं इथूनही दिसत होतं. त्याखालच्या पाकिटाचा एक कोपरा बाहेर आला होता. त्यावर 'लोणार' होतं, 'र' अर्धाच दिसत होता.

"मले वाचता येत नाई, साहेब," तो म्हणाला.

खिडकीशी कोणीतरी खोकलं. बाबूंनी मान वळवली.

"पण तुम्ही गेटपास लिहिता—"

"पाहून पाहून काढतो. चित्र काढल्यावानी. हैदरनं सांगतलं होतं ते तोंडपाठ होतं, तेच म्हनून दाखवलं. कागदात काय होतं, मले ठाव नाई."

"अहो, खोटं बोलतोय हा," सोनटक्के बाबू म्हणाले. "माझ्यासमोर वाचतो रोज. कडूबा, हे काय लावलंय?" त्यांनी टेबलावरचा एक कागद उचलून त्याच्यापुढे धरला. "वाचा. वाचा हे."

कागदावर जिनाचं नाव छापलं होतं. खाली हजेरीची नोटीस होती, चार ओळींची. कडूबानं ती वरपासून खालपर्यंत पाहिली. मग मान हलवली.

साहेबांनी थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं, मग पेनाचं टोपण काढलं. "जबाब पुन्हा घ्यावा लागेल. कप्पी कुठे आहे ती दाखवा मला आधी." ते उठले, बाबूही त्यांच्यामागं गेले. दारातून बाहेर पडताना बाबू थांबले आणि हळूच म्हणाले, "वाचता येत नाही त्या माणसाला जिन टेबलावर ठेवू शकत नाही, कडूबा. हे समजतं ना?"

"समजते," कडूबा म्हणाला.

खोलीत दोघंच उरले. अंगणात साहेब कप्पीबद्दल काही विचारत होते आणि पाच-सहा हमाल एकदम उत्तर देत होते. हैदर काठीवर भार देऊन उठू लागला. पाय नीट टेकेना. कडूबानं जाऊन त्याच्या काखेत हात घातला. हैदरनं हात झटकला नाही.

"खोटं काऊन बोलला बे?" हैदर म्हणाला. "तुले तर येते वाचता."

कडूबानं दोघांचा तोल सावरला आणि पहिलं पाऊल उचललं.

"येऊन राह्यलं होतं," तो म्हणाला.